सकाळची कॅसेट

आमच्या घरी सकाळी गाणं लावायचं काम माझ्याकडे होतं. चूल, पाणी, गाय आईकडे आणि टेप माझ्याकडे. हे कुणी ठरवून दिलं नव्हतं. बाबा अंथरुणाला खिळले त्या वर्षी मी नववीतून शाळा सोडली. घरात मला जेवढी कामं येत होती, त्यात टेपची बटणं दाबणं हे एकच आईला येत नव्हतं, म्हणून ते माझं झालं. सव्वा वर्ष मी रोज सकाळी माझ्या बाबांसाठी गाणी लावली. त्या सव्वा वर्षाबद्दल मी माझ्या मुलाशी कधी बोलले नाही, त्याच्या बापाशीही नाही. आता साठी उलटली, गुडघे गेले, तेव्हा लिहून तरी टाकावं म्हणते.

आमची वाडी पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाट चढायला लागतो तिथे, रस्त्याच्या वरच्या अंगाला. पंधरा-वीस घरं. खालून ट्रक चढायला लागला की आधी इंजिनाची घरघर यायची, मग वळणावर गिअर बदलल्याचा कडकड आवाज, मग पुन्हा घरघर. आमच्या कुडाच्या भिंती त्या आवाजाने थरथरत. बाबा स्वतः ट्रक चालवत, महाडच्या एका शेठचा माल घेऊन गोव्यापर्यंत जात. घरी असले की पहाटे अंथरुणातूनच सांगायचे, "हा गिअर तोडनारा नवीन हाय कोनतरी." आई म्हणायची, "तुमी झोपा हो, तो तुमचा ट्रक नाय." तेव्हा आमच्या घरात सकाळी एवढंच बोलणं असे. मग तांदळाची भाकरी थापल्याचा आवाज, आणि गुळाच्या कोऱ्या चहाचा वास.

बाबांबरोबर ट्रकवर माझा मामा असायचा. नामदेव त्याचं नाव, सगळे नामाच म्हणत. आईपेक्षा बारा वर्षांनी लहान. त्यांची आई लवकर गेली, त्यामुळे आईनेच त्याला कडेवर घेऊन वाढवला. लग्न करून इकडे आली तेव्हा तोही मागोमाग आला आणि आमच्यातच राहिला. मोठा झाल्यावर बाबांनी त्याला गाडी शिकवली. बाबा थकले की मामा चालवायचा, मामा थकला की बाबा. मामा घरात शिरला की आधी आईच्या पदराला तोंड पुसायचा. चांगला तीस वर्षांचा पुरुष, मिशीवाला, पण आल्या आल्या पदराला तोंड पुसणार. आई ओरडायची, आणि तो यायचा असेल त्या दिवशी मुद्दाम धुतलेलं लुगडं नेसायची.

भात कापणीला आला होता, पाऊस मात्र जायचं नाव घेत नव्हता, अशा दिवसांत सकाळी सातच्या सुमारास बाबांचा ट्रक कशेडीच्या उतारावर रस्ता सोडून खाली गेला. मामा जागच्या जागी गेला. बाबा वाचले. वाचले म्हणजे, मुंबईच्या दवाखान्यात अडीच महिने काढून जेव्हा त्यांना जीपमधून वाडीवर आणलं, तेव्हा त्यांचं उजवं अंग लाकडासारखं झालं होतं आणि तोंडातून फक्त 'अं' निघत होतं. डावा हात थोडा हलायचा. बघायचे मात्र सगळं. डोळे पूर्वीचेच होते, आणि ते तसे नसते तर बरं झालं असतं असं मला पुढे खूपदा वाटलं.

आम्ही त्यांना ओटीवर बाजेवर ठेवलं. महाडचे डॉक्टर तपासून गेले. आई त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत गेली आणि तिने विचारलं, "बोलतील का हो?" डॉक्टर चांगला माणूस होता, खोटं बोलता येत नसावं. तो म्हणाला, "त्यांच्याशी बोलत राहा. आवडीचं काहीतरी ऐकवा. गाणी-बिणी आवडायची का?" आई म्हणाली, "गाडीत लावीत असतील." डॉक्टर म्हणाला, "मग तीच लावा."

ट्रकमधल्या वस्तूंची पिशवी शेठच्या माणसाने केव्हाच आणून दिली होती. बाबांचा टॉवेल, मामाची एक चप्पल, गणपतीचा फोटो आणि सात-आठ कॅसेट. आईने ती चप्पल काढून घेतली आणि पिशवी माळ्यावर टाकली होती. डॉक्टर गेल्यावर मी ती खाली काढली. टेप घरात होता, बाबांनीच मुंबईहून आणलेला. वाडीवर वीज आली होती, पण असायची कमी, म्हणून सेल लागायचे. सेल उतरले की मी ते पत्र्यावर उन्हात ठेवायची आणि आणखी दोन दिवस चालवायची. कॅसेट मागे न्यायची तर सेल खर्च होऊ नयेत म्हणून पेन्सिल घालून हाताने फिरवायची. त्या वयात मला असल्या गोष्टींचा फार अभिमान होता.

पहिल्या आठवड्यात मी एकेक कॅसेट लावून बघितली. भजनांची लावली, बाबांनी डोळे मिटले. तमाशाच्या गाण्यांची लावली, तेव्हा आईनेच आतून हाक मारली, "बंद कर ती, घरात सुतक हाय का नाय तुला?" सुतक केव्हाच फिटलं होतं, पण मी बंद केली. सिनेमाच्या गाण्यांना बाबा आढ्याकडे बघत राहिले. मग एक कॅसेट होती तिला डबीच नव्हती. नुसती कॅसेट, चिखलाचा डाग पडलेली. महाडला चवदार तळ्याच्या बाजूला तेव्हा एक दुकान होतं, तिथे गाण्यांची यादी दिली की कोऱ्या कॅसेटवर भरून देत. ही तशी भरलेली होती. तिच्यावर दुकानदाराच्या निळ्या अक्षरात एकच शब्द लिहिला होता : सकाळ.

मी ती लावली. आधी बासरी, मग एका बाईचं हळू आवाजातलं देवाचं गाणं, मग शेतातलं एक, मग पुन्हा देवाचं, आणि मध्येच सिनेमातलं एक लाडिक गाणं, जे त्या रांगेत कुठूनच बसत नव्हतं. पहिलं गाणं संपायच्या आत बाबांचा डावा हात हलला. बाजेच्या लाकडावर तो वर-खाली, वर-खाली आपटायला लागला. डोळ्यांतून पाणी आलं. मी ओरडले, "आई, आई, बाबा ताल धरतात!" आई पिठाच्या हातानेच धावत आली. तिने बाबांकडे पाहिलं, मग टेपकडे पाहिलं, आणि ती बाजेपाशी बसली. म्हणाली, "समजतंय त्यांना. देवा, समजतंय." बाबा आल्यापासून त्या दिवशी आई पहिल्यांदा पोटभर जेवली. मी तिला कुळथाच्या पिठल्याबरोबर तीन भाकऱ्या वाढल्या.

त्या दिवसापासून रोज सकाळी तीच कॅसेट. आई गाय पिळायला जायची, मी बाबांचं तोंड पुसायची, पेज भरवायची, आणि उशाशी टेप ठेवून बटण दाबायची. हात आपटायला लागायचा. शेजारपाजारच्या बाया बघायला यायच्या. म्हणायच्या, "पोरीनं बापाला उठवला बघ." एका म्हातारीने माझ्या दोन्ही गालांवरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. कधी कधी बाबा मान फिरवायचा प्रयत्न करत, घशातून मोठा 'अं' काढत. मला वाटायचं, गायला बघतात. मग मी आवाज वाढवायची.

हे वाक्य लिहून मी बराच वेळ थांबले होते. मी आवाज वाढवायची.

हल्ली मी बिरवाडीला मुलाकडे असते. तो इथल्या कारखान्यात आहे. आमच्या चाळीत सकाळी सहापासून प्रत्येक खोलीत मोबाइल वाजतो, एकीकडे आरती, एकीकडे हिंदी, एकीकडे बातम्या. सून स्वभावाने गोड आहे. भाजी चिरता चिरता मोबाइल पुढे करून विचारते, "आई, तुम्हाला काय लावू?" नुसतं तोंडाने सांगितलं की लागतं म्हणे. मी म्हणते, तुला हवं ते लाव. तिला वाटतं सासूला गाण्यातलं काही कळत नाही. तसंच वाटू दे.

दुसऱ्या वर्षी होळी झाली आणि इब्राहिमचाचा आले. महाडजवळच्या गावचे, बाबांचे ड्रायव्हरीतले जुने दोस्त. अपघात झाला त्या सकाळी त्यांचा ट्रक बाबांच्या मागेच होता, आणि खाली उतरणारे पहिले तेच, एवढं आम्हाला ठाऊक होतं. पण आधीच ठरल्याप्रमाणे ते पुढच्याच आठवड्यात कुवेतला गाडी चालवायला गेले आणि दीड वर्षाने रजेवर आले होते. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहिल्या एसटीने आमच्याकडे. हातात खजुराचा डबा आणि माझ्यासाठी सेलचं अख्खं पाकीट. बाबांच्या बाजेजवळ बसून त्यांनी बाबांचा डावा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाले, "सखाराम, वळकलास ना रे?" बाबांनी डोळे मिटून उघडले.  आईने चहा आणून ठेवला.

मला त्यांना दाखवायचं होतं. माझ्या सगळ्या आयुष्यात तोवर मला दाखवण्यासारखी तेवढीच गोष्ट होती. मी म्हटलं, "चाचा, बघा हां आता, बाबा कसा ताल धरतात." आणि नवे सेल घालून कॅसेट लावली.

बासरी सुरू झाली. चाचांनी कप तोंडाला लावला होता, तो तसाच राहिला. मग बाई गायला लागली आणि बाबांचा हात त्यांच्या हातातून सुटून बाजेवर आपटायला लागला. चाचांनी आधी हाताकडे पाहिलं, मग बाबांच्या तोंडाकडे.

"बंद कर," ते म्हणाले.

मी हसत होते. "थांबा ना, पुढं आणखी—"

"बंद कर आधी! सुमे, बंद कर ती!"

मी बटण दाबलं. बाबांचा हात थांबला. एकदम थांबला, जसा माणूस धापा टाकत धावता धावता थांबतो तसा, आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. मी त्याआधी कधीच कॅसेट मध्येच बंद केली नव्हती. बाजू संपेपर्यंत चालू द्यायची, मग हात थांबायचाच, म्हणून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

चाचा उठून अंगणात गेले. आई त्यांच्या मागे गेली, मी आईच्या मागे. चाचा खालच्या रस्त्याकडे बघत बोलले. "वहिनी, ही कॅसेट गाडीत वाजत हुती. मी खाली पोचलो तवा गाडी उलटी पडलेली, चाकं वर, आन ही आतमंदी वाजतच हुती. सखाराम दबलेला, पन शुद्धीवर हुता. नामा त्याच्या अंगावर पडला हुता. मानसं जमवून, दोर आनून, पत्रा कापून काढस्तवर तास गेला. पत्रा कापल्यावर आधी मी हात घालून कॅसेट वढून काढली आन पिशवीत टाकली. मला काय ठावं, तुमी ही लावाल."

आईने विचारलं, "नामा तवा हुता?"

चाचा म्हणाले, "नाय, वहिनी." पण ते आईकडे न बघता म्हणाले. त्या एका तासात ट्रकच्या आत काय झालं ते फक्त बाबांना माहीत होतं, आणि बाबांना बोलता येत नव्हतं.

जाताना चाचांनी आणखी एक गोष्ट सांगितली. चांगल्या मनाने सांगितली. "ती नामानंच भरून घेतली हुती. माज्या म्होरं दुकानात बसून यादी लिवली त्यानं. म्हनला, घाटात सकाळचं काय लावायचं ते एकदाचं ठरवून टाकतो. एक गानं लिवायचं, एक खोडायचं. आन त्यात एक सिनेमाचं घातलं, तवा मी हसलो. तर म्हनला, हे माज्या आक्काला आवडतं."

आक्का म्हणजे माझी आई.

चाचा गेले. मी बाबांजवळ बसले. "बाबा, मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. राग असता तर मी तो धरून बसले असते. ते फार थकलेले होते, आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी कॅसेट पिशवीत टाकून पिशवी माळ्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात शांतता होती. मी पेज भरवत होते, तेवढ्यात गोठ्यातून बासरीचा बारीक आवाज आला. आईला बटणं दाबता येत नव्हती असं मी म्हटलं. ती तिने एका रात्रीत शिकून घेतली होती, की आधीपासून येत होती, कुणास ठाऊक. मी मागच्या दाराने गेले. आई गायीच्या अंगाला टेकून बसली होती, चरवी रिकामी, टेप मांडीवर, आवाज अगदी बारीक करून त्यावर कान लावलेला. ते सिनेमाचं गाणं आलं तेव्हा तिने तोंडात पदर कोंबला.

मी परत ओटीवर आले. गोठा आणि ओटी यांच्यामध्ये एक कुडाची भिंत. बाबांचा हात बाजेवर आपटत होता.

असे चार-पाच दिवस गेले. मग म्हटलं, "आई, बाबांना ऐकू येतं गो."

"बारीक लावते मी."

"तरी येतं. खालच्या वाडीत घेऊन जा ना. नायतर नदीवर."

"गाय कोन पिळेल? तुजा बाप?" ती म्हणाली. आई असं कधी बोलत नसे. मग तिने चरवी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "माजा भाव हुता तो, सुमे. पोटच्या पोरावानी वाढवला मी त्याला. त्यानं माज्यासाठी घातलेलं गानं मी आयकू नको? आन गाडीचं टेरिंग कोनाच्या हातात हुतं?"

हे ती एकदाच म्हणाली. त्या दिवशी आणि नंतर कधीच नाही. पण बोललेलं कुडाच्या भिंतीतून पलीकडे जातं, हे तिला माहीत होतं. बाबांना ती पूर्वीसारखंच धुवायची, कुशीवर वळवायची, सुका जवळा भाजून भातात कुस्करून द्यायची. तिच्या हातात कसूर नव्हती. फक्त सकाळी गोठ्यात बासरी वाजायची आणि इकडे हात आपटायचा. मी दोघांच्या मध्ये, पेजेची वाटी घेऊन. बाबांचे कान झाकून बघितले. उशी लावून बघितली. मोठ्याने बोलत राहून बघितलं. हात थांबायचा नाही. बोटांची सालं निघाली, म्हणून मी लाकडाला फडकं बांधलं.

आई नाचणी दळून आणायला पोलादपूरला गेली होती, तेव्हा मी ते केलं. माळ्यावर, मग मांडणीवर, मग गवताच्या पेंढ्यांत शोधलं. ती लुगड्याच्या घडीत होती, मामाच्या चपलेबरोबर. मी कॅसेट फोडली नाही, आतली पट्टी ओढत गेले. ती संपतच नव्हती. तपकिरी, चकचकीत, मांडीवर मोठा ढीग झाला. न्हाणीच्या चुलीत पाणी तापत होतं, त्यात घातली. ती पेटली नाही, आक्रसत गेली आणि काळा, घशाला झोंबणारा धूर झाला. आई डोक्यावर पिठाचं गाठोडं घेऊन अंगणात आली. "काय जळतंय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "कॅसेट." गाठोडं डोक्यावर तसंच धरून ती न्हाणीपाशी आली आणि तिने चुलीत बघितलं. मग आत गेली, पीठ डब्यात भरलं, बाबांना पाणी पाजलं. मला मारलं नाही. मी वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "बाबा, आता नाय वाजणार. कधीच नाय." त्यांनी डोळे मिटून उघडले. आई चरवी घेऊन गोठ्यात गेली. खालून ट्रक चढत होते. थोड्या वेळाने, रोज ज्या वेळी गाणं सुरू व्हायचं त्या वेळी, फडक्यावर हात आपटायला लागला. गोठ्यात दुधाच्या धारांखेरीज दुसरा आवाज नव्हता. मी धावत जाऊन बघून आले, काहीच वाजत नव्हतं. हात मात्र पूर्वीइतकाच वेळ, एक बाजू संपेपर्यंत, आपटत राहिला.

तो पुढे दहा महिने रोज आपटला. मग एका सकाळी आपटला नाही.

दिवसकार्य झालं. चुलते, आतेभाऊ मुंबईला परत गेले. इब्राहिमचाचांचं कुवेतहून पत्र आलं, ते मी आईला वाचून दाखवलं. बाज धुऊन अंगणात उभी करून ठेवली होती. आई ओटीवर सुपात तांदूळ निवडत बसली होती, आणि मी तिच्यासमोर खडे वेचत होते. दहा महिन्यांत ती माझ्याशी कामापलीकडे बोलली नव्हती. सूप न थांबवता, मान खाली घालूनच ती म्हणाली,

"जाळायची कशाला हुती गो? लपवून ठेवायचीस कुठंतरी. तुजे बाबा काय जन्माला पुरनार हुते?"

 तिला उत्तर नकोच होतं. तिने सूप पाखडलं, कोंडा उडवला, आणि तांदूळ घेऊन आत गेली.